सावत्र बापाचा खटला

सावत्र आई आपल्या चांगल्या ओळखीची आहे. रामाला वनात धाडणारी कैकेयी, ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची, आणि आजीच्या गोष्टींतली, सवतीच्या पोरीला शिळे तुकडे घालणारी ती निनावी बाई. 'सावत्रपणा' हा शब्द नुसता उच्चारला तरी डोळ्यांपुढे बाईच उभी राहते. सावत्र बाप मात्र आपल्या गोष्टींत फारसा भेटत नाही. कारण उघड आहे. बायको वारली की पुरुष वर्षाच्या आत पुन्हा बोहल्यावर चढत असे. नवरा वारलेल्या बाईला, निदान ज्या घरांतून पुस्तके लिहिली गेली त्या घरांत, ती वाट बंद होती. अनेक जातींत पाट लावण्याची रीत होती, पण त्या घरांच्या कथा छापखान्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केले ते १८९३ साली, आणि तेव्हाही गावाने त्यांना वाळीत टाकलेच. जिथे आईचे दुसरे लग्नच नाही, तिथे सावत्र बाप कुठून येणार?

आता तो येऊ लागला आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये, मुलांच्या वर्गात, कधी आपल्याच नात्यात. मूल त्याला आधी 'काका' म्हणते, आणि 'बाबा' म्हणायचे की नाही हा प्रश्न वर्षानुवर्षे जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीसारखा पडून राहतो. त्या माणसाकडे कसे पाहायचे याची तयार गोष्ट आपल्यापाशी नाही.

इंग्रजीत होती, पण तीही एकाच साच्याची. हॅम्लेटचा सावत्र बाप त्याच्या बापाचा खुनी. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला (१८५०) मर्डस्टन तर सावत्र बापांचा मूळपुरुष म्हणावा असा. विधवेशी गोड बोलून लग्न करतो, घरात शिस्त आणतो, आणि धडा आला नाही म्हणून लहानग्या डेव्हिडला वेताने फोडून काढतो. पोरगा त्याच्या हाताला कडकडून चावतो, तेव्हा वाचक मनातल्या मनात टाळी वाजवतो. मर्डस्टनचा निवाडा करण्याचे काम डिकन्सने आपल्यावर सोडलेलेच नाही. निकाल लागून गेला आहे; आपण फक्त तो वाचायचा.

समजा, तो निकाल आपल्यालाच द्यावा लागला असता तर? आणि तोही सगळा पुरावा समोर येण्याआधी?

हे घडवून आणले ते कादंबरीने नाही, संगणकावरच्या एका खेळाने. व्हिडिओ गेम म्हटले की घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांपुढे बंदुका आणि मोटारींच्या शर्यती येतात. पण गेल्या काही वर्षांत कथाखेळ म्हणावा असा एक वेगळाच प्रकार रुजला आहे. त्यात नेमबाजी जवळजवळ नसते. गोष्ट पुढे सरकते, माणसे बोलतात, आणि मधूनच ती थांबून तुमच्याकडे पाहतात: आता तू काय म्हणशील? काय करशील? तुमच्या उत्तराप्रमाणे पुढची गोष्ट थोडी वळते. पॅरिसच्या डोन्टनॉड या कंपनीने २०१५ साली काढलेला 'लाइफ इज स्ट्रेंज' हा याच जातीचा. जानेवारी ते ऑक्टोबर या काळात तो पाच भागांत, एखाद्या मालिकेसारखा आला, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत उत्तम कथेचे पारितोषिक घेऊन गेला. (लहान मुलांसाठी तो नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. व्यसने, मृत्यू, आत्महत्येचा प्रयत्न हे सारे त्यात आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाबरोबर बसून मात्र जरूर पाहावा.)

गोष्ट अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या आर्केडिया बे या काल्पनिक किनारी गावातली, २०१३ च्या ऑक्टोबरातल्या एका आठवड्याची. मॅक्स कॉलफील्ड ही अठरा वर्षांची, बुजरी, फोटोग्राफी शिकणारी मुलगी. आपण खेळतो ते तिच्या रूपाने. तिची बालमैत्रीण क्लोई प्राइस. क्लोईचे वडील विल्यम २००८ साली मोटार अपघातात गेले. आई जॉइस गावातल्या 'टू व्हेल्स' नावाच्या खाणावळीत वाढपीण आहे. आल्यागेल्याला कॉफी ओतता ओतता तिने मुलीला वाढवले. आणि मग तिने दुसरे लग्न केले ते डेव्हिड मॅडसेनशी.

डेव्हिड फौजेतून लढाई पाहून आलेला माणूस. आता मॅक्सच्याच ब्लॅकवेल अकॅडमीत सुरक्षारक्षकांचा प्रमुख. ओठांवर मिशी, आवाजात हुकूम. क्लोई त्याला 'स्टेप-फ्युरर' म्हणते, म्हणजे सावत्र हिटलर. आणखीही एक शब्द वापरते, तो रविवारच्या पानावर छापण्याजोगा नाही. पहिल्याच भागात आपण त्याला पाहतो ते केट मार्श नावाच्या भित्र्या, देवभोळ्या मुलीला आवारात अडवून दरडावताना. आपल्यापुढे दोन वाटा: मध्ये पडायचे, की दूर उभे राहून पुराव्यासाठी फोटो काढायचा. क्षुल्लक वाटणारी निवड आहे, पण या माणसाविरुद्धच्या फिर्यादीचा पहिला कागद इथे दाखल होतो.

मग क्लोईच्या घरी जाणे होते. गॅरेजमध्ये हत्यारे शोधताना मॅक्सला एक कपाट सापडते, आणि कळते की या गृहस्थाने घरात ठिकठिकाणी कॅमेरे लावले आहेत. स्वतःच्या घरात. बायकोवर आणि तिच्या मुलीवर पहारा. दुसरा कागद दाखल.

त्यानंतरचा प्रसंग मला साऱ्या खेळातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. वरच्या खोलीत क्लोई गांजा ओढते आहे, गाणी मोठ्याने लागली आहेत, आणि जिन्यावर बुटांचा आवाज येतो. मॅक्सला कपाटात लपायला सांगून ती दार उघडते. डेव्हिडचे पिस्तूल हरवले आहे. तू घेतलेस का, म्हणून तो विचारतो. मग त्याला गांजाचा वास येतो. शब्दाने शब्द वाढतो. आणि मॅक्स, म्हणजे आपण, कपाटाच्या फटीतून पाहतो आहोत. गप्प राहिलो तर डेव्हिड क्लोईच्या थोबाडीत मारतो. बाहेर येऊन 'तो गांजा माझा' असे म्हटले, तर त्याचा सारा राग आपल्यावर येतो आणि थप्पड टळते.

इथे खेळाची एक खुबी सांगायला हवी. मॅक्सला काळ मागे फिरवता येतो. फार नाही, काही मिनिटे. कॅसेट रिवाइंड करावी तसे. म्हणजे तुम्ही गप्प राहू शकता, थप्पड पाहू शकता, हळहळू शकता, आणि काळ मागे नेऊन बाहेर येऊ शकता. आता थप्पड घडलीच नाही. क्लोईच्या गालाला माहीत नाही, डेव्हिडच्या हाताला माहीत नाही. माहीत आहे ते फक्त मॅक्सला आणि आपल्याला.

मग प्रश्न असा: न घडलेल्या थपडेबद्दल माणसाला दोषी धरायचे का?

कायदा म्हणेल, नाही. घरात वाढलेले कोणीही मूल म्हणेल, अर्थातच धरायचे. ज्या घरात हात उगारला जाऊ शकतो त्या घरातल्या मुलांना तो उगारला जाण्याची वाट पाहावी लागत नाही; जिन्यावरच्या बुटांच्या आवाजातच त्यांना तो ऐकू येतो. आणि गंमत अशी, की ज्या खेळाडूने पहिल्याच फटक्यात धीटपणे पुढे होऊन दोष अंगावर घेतला, त्याने ती थप्पड कधीच पाहिलेली नसते. त्याच्या लेखी डेव्हिड हा एक तापट, खेकसणारा माणूस, इतकेच. एकाच पात्राची अशी दोन निराळी चरित्रे दोन खेळाडूंच्या मनात तयार होतात, आणि दोघेही शपथेवर सांगतील की आम्ही त्याला डोळ्यांनी पाहिले आहे. कुटुंबातल्या भांडणांत एकाच काकांबद्दल दोन भावंडे इतकी वेगळी का बोलतात, याचा इतका साधा खुलासा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसऱ्या भागात केट शाळेच्या वसतिगृहाच्या गच्चीवर जाते. तिला वाचवता येते किंवा येत नाही. तो भाग फार जड आहे, त्यात इथे शिरत नाही. नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत मॅक्सला विचारले जाते, याला जबाबदार कोण? तीन नावे समोर असतात: नेथन प्रेस्कॉट हा गावातल्या धनिकाचा मुलगा, फोटोग्राफीचे लोकप्रिय शिक्षक मार्क जेफरसन, आणि डेव्हिड. डेव्हिडचे नाव घेणे सर्वात सोपे असते. आपण त्याला त्या मुलीवर ओरडताना पाहिले आहे, कॅमेरे पाहिले आहेत, कदाचित थप्पडही. शिवाय तो रुबाबदार नाही, गोड बोलत नाही. त्याचे नाव घेतले तर त्याची नोकरी तात्पुरती जाते.

तिसऱ्या भागात घराच्या बैठकीच्या खोलीत स्फोट होतो. डेव्हिड आणि क्लोई समोरासमोर, मध्ये जॉइस, आणि पाहुणी म्हणून राहिलेली मॅक्स. बाजू कोणाची घेणार? क्लोईची घेतली तर कॅमेऱ्यांची आणि पाळतीची गोष्ट उघड होते, आणि जॉइस नवऱ्याला घराबाहेर काढते. डेव्हिडची घेतली तर तो राहतो आणि क्लोई दुखावते.

बहुतेकांचे लक्ष इथे बाप-लेकीकडे असते. मला जॉइसकडे पाहावेसे वाटते. खेळाने तिला फार वेळ दिलेला नाही, हा त्याचा दोषच. पण तिच्या चेहऱ्यावर एका क्षणात जे येते ते पुरेसे बोलके आहे. ही बाई एकदा नवरा गमावून बसली आहे. दुसऱ्यात तिने काय पाहिले असेल? घर पुन्हा कोणीतरी सांभाळेल, रात्री दार कोणीतरी लावेल, एवढेच कदाचित. दार लावणाऱ्याने आतून कॅमेरे बसवले, हे तिला लेकीच्या मैत्रिणीकडून कळते. आणि तिला लेक की नवरा, हे पाहुण्यांसमोर उभ्या उभ्या ठरवावे लागते. तो निर्णय खरे तर तिचा. तो आपल्या हातात दिला आहे, एका अठरा वर्षांच्या परक्या मुलीच्या हातात, यात मला थोडा अगोचरपणा वाटतो. पण नातेवाईक आणि शेजारी दुसऱ्याच्या घरात नेमके हेच करत नाहीत का?

आता पारडे फिरते. रेचल अँबर नावाची एक मुलगी गावातून कित्येक महिन्यांपासून बेपत्ता आहे. क्लोई तिच्या शोधात आहे. चौथ्या भागात दोघी मैत्रिणी धागे जुळवू लागतात, तेव्हा उपयोगी पडतात ते कोणाचे कागद? डेव्हिडचे. कोणाची गाडी कधी कुठे गेली याच्या नोंदी, फोटो, टिपणे. हा माणूस एकटाच, कोणालाही विश्वासात न घेता, शाळेत काहीतरी भयंकर चालले आहे याचा माग काढत होता. केटला तो छळत होता असे आपल्याला वाटले, तेही त्याच्या वेड्यावाकड्या तपासाचाच भाग होते. आणि हरवलेल्या पिस्तुलाबद्दलचा त्याचा संशय? तोही खरा. पिस्तूल क्लोईनेच घेतले होते. गुन्हेगार निघतात ते नेथन आणि त्याच्यामागचा, सगळ्यांचा लाडका, मृदुभाषी शिक्षक जेफरसन.

म्हणजे धोका ओळखण्यात डेव्हिड बरोबर होता. इथे अनेक खेळाडू त्याला एकदम माफ करून टाकतात. पाचव्या भागात तर खेळही त्यांना ढकलतो. मॅक्स जेफरसनच्या तळघरात बांधलेली असते, आणि तिथे दार फोडून येतो तो डेव्हिड. ती काळ मागे-पुढे करत त्याला मदत करते, आणि तो जेफरसनला लोळवतो. मग तो विचारतो, क्लोई कुठे आहे? जेफरसनने तिला मारले, हे मॅक्स सांगू शकते किंवा लपवू शकते. सांगितले तर डेव्हिड जेफरसनला तिथल्या तिथे गोळी घालतो. ज्या मुलीने त्याला कधी बाप मानले नाही तिच्यासाठी.

प्रसंग हलवून टाकणारा आहे, हे मान्य. तरी माझी तक्रार आहे. सावत्र बापाचे प्रेम सिद्ध व्हायला तळघर, खुनी आणि पिस्तूल लागावे? पिस्तूल हातात असताना डेव्हिडला काय करायचे ते नेमके ठाऊक असते; पंचाईत असते ती सकाळी नाश्त्याच्या टेबलावर. खरा खटला तिथला आहे. आणि त्या खटल्यात धोका ओळखण्यातली अचूकता कामी येत नाही. तो बरोबर होता म्हणून कॅमेरे बरोबर ठरत नाहीत. केटला त्याने विश्वासात घेतले असते, घाबरवले नसते, तर कदाचित तीच त्याची सर्वात मोठी साक्षीदार ठरली असती. क्लोईशी तो माणसासारखा बोलला असता, तर दोघेही एकाच गोष्टीचा तपास करत आहेत हे दोघांना पहिल्याच दिवशी कळले असते. त्याच्या आवाजातल्या हुकमाने त्याच्याच तपासाचे पाय कापले. लढाईने त्याला बिघडवले, असे खेळ सुचवतो. असेलही. पण लढाईहून आलेल्या माणसाच्या घरात राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीने ते समजून घ्यावे, ही अपेक्षा उलट्या बाजूने ठेवलेली आहे.

मधे एक विलक्षण वळण येते. तिसऱ्या भागाच्या शेवटी मॅक्स एका जुन्या फोटोतून २००८ सालात जाते आणि विल्यमला अपघातापासून वाचवते. परत येते तो सगळेच बदललेले. त्या जगात डेव्हिड जॉइसचा कोणी नाही. तो बस चालवतो. एवढेच. काही क्षण दिसतो आणि जातो. त्या घराशी संबंध न आलेला डेव्हिड. तो तिथे अधिक सुखी आहे का, खेळ सांगत नाही. पण त्या जगात क्लोई दुसऱ्याच एका अपघातात सापडून मानेखाली लुळी झालेली असते, आणि मॅक्सला विल्यमला पुन्हा मरू द्यावे लागते. खरा बाप परत आणण्याची किंमत लेकीनेच मोजावी, ही कल्पना क्रूर आहे. पण 'आधीचे बाबा असते तर' हे वाक्य ज्या घरांत न उच्चारता जगले जाते, त्या घरांना ती चटकन समजेल.

प्रत्येक भाग संपला की पडद्यावर आकडे येतात: जगभरातल्या किती टक्के खेळाडूंनी तुमच्यासारखे केले, किती टक्क्यांनी वेगळे. ज्यूरीचा कौलच. आपण अल्पमतात आहोत असे दिसले की माणूस चपापतो. मुलांबरोबर हा खेळ पाहण्यात मौज आहे ती या क्षणी. 'तू लपून का राहिलीस?' 'आई, तू असतीस तर काय केले असतेस?' अशा गप्पा त्या आकड्यांवरून निघतात, एरवी निघत नाहीत.

आणि शेवट. गावावर वादळ चालून येते, आणि मॅक्सपुढे दोनच वाटा उरतात. गाव वाहून जाऊ द्यायचे, किंवा सोमवारी परत जायचे आणि शाळेच्या स्वच्छतागृहात नेथनच्या गोळीने क्लोईला मरू द्यायचे. दुसरी वाट निवडली तर तो अख्खा आठवडाच पुसला जातो. आपण दिलेले सगळे निकाल रद्द. डेव्हिडला घराबाहेर काढले होते की नव्हते, त्याची नोकरी घालवली होती की नव्हती, कशाला अर्थ राहत नाही. तो तळघरात धावून आला होता हे ना जॉइसला कळते, ना त्याला स्वतःला. राहते ते एवढेच, की ज्या शाळेचा तो रखवालदार, त्याच शाळेत त्याच्या बायकोची मुलगी मारली गेली, आणि आदल्या भेटीत दोघे काय बोलले असतील याचा अंदाज आपल्याला आहे. दफनविधीला तो जॉइसशेजारी उभा असतो.

निर्मात्यांनाही हा माणूस सोडवेना असे दिसते. २०१७ साली 'बिफोर द स्टॉर्म' हा आधीची, २०१० सालची गोष्ट सांगणारा खेळ आला. तो डेक नाइन या दुसऱ्या कंपनीने केला. त्यात आपण मॅक्स नसतो, सोळा वर्षांची क्लोई असतो. डेव्हिड नुकताच घरात येऊ लागला आहे. उलट उत्तरे देऊन समोरच्याला गप्प करण्याची खास सोय या खेळात आहे, आणि ती वापरताना वाटणारा आनंद थोडा लाजिरवाणा असतो. पाहुणी म्हणून ज्याची बाजू ऐकून घ्यावीशी वाटत होती, लेकीच्या खुर्चीत बसल्यावर त्याचे एक वाक्यही सहन होत नाही. माणूस तोच, मिशी तीच.

नंतर डोन्टनॉडच्याच 'लाइफ इज स्ट्रेंज २'मध्ये, २०१९ च्या डिसेंबरात आलेल्या शेवटच्या भागात, तो पुन्हा भेटतो. ॲरिझोनाच्या वाळवंटात, समाजापासून दूर राहणाऱ्या मूठभर लोकांच्या वस्तीत. आवाज खाली आलेला. पोलिसांपासून पळणारी दोन भावंडे तिथे पोचली आहेत, आणि तो त्यांना मदत करतो, फारसे न विचारता. पहिल्या खेळाचा शेवट तुम्ही कसा केला होता, त्यावर त्याचे आयुष्य ठरते. गाव बुडवून क्लोईला वाचवले असेल, तर तो तिच्याशी फोनवर बोलताना ऐकू येतो. साधेच बोलणे, कुठे आहेस, बरी आहेस ना, इतपत. त्या दोन भावंडांना यातले काही ठाऊक नसते. त्यांच्या लेखी तो वाळवंटात भेटलेला एक भला म्हातारा होऊ घातलेला माणूस.